थेंबांचा हिशेब आणि तंजावरचा केस पेपर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दोनशे वर्षांपूर्वीच्या काही इंग्रजी नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेले सरफोजी राजे भोसले (दुसरे) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये रस घेत असत. त्या शस्त्रक्रियांचा तपशील आणि रुग्णांचा पूर्वेतिहास या कागदांवर उतरवलेला आहे. आजच्या मराठी बोलीत सांगायचे तर ते केस पेपर आहेत. याच राजाच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत, औषधे तयार करीत आणि आलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवीत.

त्याच तंजावरमध्ये आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या मोबाइलवर दुसऱ्याच प्रकारचे वैद्यक पोहोचते. छोटी काचेची बाटली, तिला ड्रॉपर आणि वर ठळक टक्केवारी: नायसिनामाइड 10 टक्के, व्हिटॅमिन सी 20 टक्के, रेटिनॉल 1 टक्का. याला ‘बूस्टर’ म्हणतात. नेहमीच्या क्रीममध्ये दोन-तीन थेंब मिसळावेत आणि आपल्या त्वचेला साजेशी स्वतःची दिनचर्या स्वतःच रचावी, असे आश्वासन त्यासोबत दिले जाते. ‘वैयक्तिक’, ‘खास तुमच्यासाठी’, ‘तुमच्या त्वचेचे विज्ञान’ ही त्या आश्वासनाची भाषा.

आक्षेप या भाषेला आहे. रसायनांना नाही. नायसिनामाइड, ॲस्कॉर्बिक आम्ल, रेटिनॉल यांचे त्वचेवर परिणाम होतात आणि त्यांवर गंभीर संशोधन झालेले आहे. प्रश्न असा की, ज्या संशोधनाच्या नावावर ही बाटली विकली जाते, ते संशोधन तळहातावर कालवलेल्या मिश्रणाला लागू पडते का? शाळेतले अंकगणित आणि अकरावीचे रसायनशास्त्र एवढ्या भांडवलावर याचे उत्तर काढता येते.

आधी अंकगणित. पाण्यासारख्या द्रवाचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. 10 टक्के नायसिनामाइडचे तीन थेंब म्हणजे 0.15 मिलिलिटर, आणि त्यात 15 मिलिग्रॅम नायसिनामाइड. हे 1 मिलिलिटर क्रीममध्ये मिसळले की अंतिम तीव्रता सुमारे 1.3 टक्के उरते. दुसऱ्या कुणी अर्धा मिलिलिटर क्रीम घेऊन सहा थेंब टाकले, तर ती 3.75 टक्क्यांवर जाते. बाटली तीच, सूचना जवळपास तीच, आणि मात्रेत जवळजवळ तिप्पट फरक. द्रव दाट असला, ड्रॉपरचे तोंड रुंद असले, तर थेंबाचा आकारही बदलतो. बाटलीवरची 10 टक्के ही संख्या खरी असते. पण ती बाटलीतल्या द्रवाची असते. चेहऱ्यावर प्रत्यक्ष काय लागले, हे ती सांगत नाही.

आता ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो ते पाहावे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात 50 गौरवर्णीय स्त्रियांनी चेहऱ्याच्या एका बाजूला 5 टक्के नायसिनामाइड असलेले क्रीम आणि दुसऱ्या बाजूला नायसिनामाइड नसलेले तेच क्रीम दिवसातून दोनदा, 12 आठवडे लावले. अभ्यासाची मांडणी उत्तम होती. परंतु त्यात क्रीम एक होते, मात्रा ठरलेली होती आणि तुलनेसाठी चेहऱ्याची दुसरी बाजू होती. थेंब कालवून लावणाऱ्याकडे या तीनपैकी काहीही नसते. शिवाय सहभागी सगळ्या गोऱ्या कातडीच्या होत्या. सावळ्या त्वचेवर नेमके तेच घडेल हे गृहीत धरण्याचा आधार त्या अभ्यासात नाही. जाहिरात निष्कर्ष उचलते आणि त्याच्या अटी मागे सोडते.

यानंतर सामूचा, म्हणजे पीएचचा प्रश्न येतो. ॲस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायचे तर ते विद्युत्भाररहित रूपात असणे सोयीचे असते. 2001 मधील एका प्रयोगात डुकराच्या त्वचेवर असे दिसले की त्यासाठी द्रावणाचा सामू 3.5 पेक्षा कमी लागतो, आणि 20 टक्क्यांच्या पुढे तीव्रता वाढवूनही शोषण वाढत नाही. या आम्लाचा पीकेए सुमारे 4.2 आहे. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण मांडले की, सामू 3.2 असताना सुमारे 91 टक्के रेणू भाररहित असतात आणि सामू 5.2 असताना जेमतेम 9 टक्के. म्हणजे आम्लधर्मी बूस्टर सौम्य क्रीममध्ये मिसळल्यावर सामू कुठे जाऊन थांबतो, यावर सारा खेळ अवलंबून आहे. ते त्या क्रीमच्या बफरक्षमतेवर ठरते, आणि बफरक्षमता कोणत्याही डबीवर छापलेली नसते. विकत घेणाऱ्याने ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तेच मिसळण्याच्या क्रियेत निकामी झाले असण्याची शक्यता उरते, आणि ते कळायला त्याच्यापाशी कोणताही मार्ग नसतो.

‘निकामी झाले तर झाले, अपाय तर नाही,’ असे कुणी म्हणेल. या समजुतीलाही आधार नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये सौंदर्यप्रसाधनांतील रेटिनॉलवर मर्यादा घातली: चेहऱ्याच्या उत्पादनांत 0.3 टक्के, अंगाला लावायच्या लोशनमध्ये 0.05 टक्के. यामागे अ जीवनसत्त्वाच्या एकूण भाराची चिंता आहे, कारण ते आहारातूनही शरीरात जात असते. आता 0.3 टक्के रेटिनॉल असलेले 1 मिलिलिटर क्रीम घ्यावे आणि त्यात 1 टक्का बूस्टरचे तीन थेंब टाकावेत. मिश्रण 0.39 टक्क्यांवर जाते. मर्यादा एकेका बाटलीसाठी आखलेली असते, त्वचा मात्र सगळ्यांची बेरीज भोगते. ग्लायकॉलिक आम्लासारख्या फळाम्लांबाबत अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने 1998 मध्येच सांगून ठेवले होते की तीव्रता 10 टक्क्यांच्या आत, सामू 3.5 किंवा अधिक आणि उन्हापासून संरक्षण आवश्यक. फळाम्लाचा बूस्टर, व्हिटॅमिन सीचा बूस्टर आणि रेटिनॉलचा बूस्टर हे त्रिकूट एकाच आठवड्यात सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट कोण सांगतो?

तंजावर सुमारे 10.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तिथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. कावेरीच्या खोऱ्यातल्या त्या उन्हात आणि दमटपणात सावळ्या त्वचेची जळजळ सहसा लालसरपणाच्या रूपात दिसून विरत नाही. दाह ओसरल्यावर मागे काळे डाग राहतात, ते महिनोन्‌महिने टिकतात. डाग घालवण्यासाठी थेंब टाकले, थेंबांनी दाह झाला, दाहाने नवे डाग आले आणि त्यांच्यासाठी आणखी एक बाटली घेतली, असे हे दुष्टचक्र आहे. शीत प्रदेशातील गोऱ्या त्वचेवर तपासलेली दिनचर्या डेल्टाच्या उन्हात जशीच्या तशी उतरवण्याला ‘वैयक्तिक’ म्हणणे ही शब्दाची थट्टा आहे.

सनस्क्रीनमध्ये थेंब मिसळण्याचा सल्ला तर सर्वांत घातक. सनस्क्रीनचा एसपीएफ हा त्वचेवर बसणाऱ्या सलग, समान थराचा गुण आहे. त्यात दुसरा द्रव मिसळला की तो थर तसाच बसेल याची खात्री राहत नाही, आणि डबीवरचा आकडा त्या मिश्रणाला लागू होत नाही. बूस्टर क्रीमच्या डबीतच ओतून ठेवणारे परिरक्षकही पातळ करतात. काही आठवड्यांनी त्या डबीत जिवाणू वा बुरशी वाढली, तर दोष कुणाचा?

आणि तरीही मूळ आक्षेप याहून वेगळा आहे. समजा, प्रत्येक बाटली निर्दोष आहे, थेंब मोजूनमापून पडले आहेत, सामू बरोबर आहे. तरी याला वैयक्तिक उपचार म्हणता येईल का? वैयक्तिक या शब्दात तीन गोष्टी गृहीत असतात: त्या व्यक्तीची तपासणी, झालेल्या परिणामाची नोंद आणि त्या नोंदीनुसार केलेला बदल. संकेतस्थळावरची पाच प्रश्नांची चाचणी ‘तुमची त्वचा तेलकट की कोरडी’ एवढे विचारून तीन बाटल्या सुचवते. सहा आठवड्यांनी काय झाले, हे ती विचारत नाही. निवड ग्राहकाने केली एवढ्यानेच ती वैयक्तिक ठरते. परिणामाशी तिचे नाते नसते. मेसमध्ये ताटातले पदार्थ स्वतः निवडले म्हणून कुणी त्याला आहारोपचार म्हणत नाही.

नोंद विचारल्याने काय घडते याचे उदाहरण शेजारच्या केरळात आहे. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या विकाराचे 22 रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यांपैकी 15 जणांत एनईएलएल-1 या प्रथिनाशी निगडित प्रकार आढळला, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. संशय पाऱ्यावर गेला. ती क्रीम म्हणजे बूस्टर नव्हेत आणि दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. धडा वेगळाच आहे: ‘तोंडाला काय लावता?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवले, म्हणून हा संबंध उघड झाला. जिथे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहीत नाही, तिथे अपाय झालाच तरी तो अदृश्य राहतो.

इथे तंजावरकडे परतावे. धन्वंतरी महालातील उपचारांवर आधारित तमिळ पद्यरचना पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगल’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. आजची बाजारपेठ अशा ग्रंथांकडे वळते तेव्हा त्यातला एखादा लेप उचलते, त्याचा अर्क बाटलीत भरते आणि ‘राजवैद्यकाचा वारसा’ म्हणून विकते. हाही तोच प्रमाद आहे. दोनशे वर्षे जुना असल्याने कोणताही लेप सिद्ध होत नाही; त्यालाही आजच्या कसोटीवर उतरावे लागेल. सरफोजी राजांच्या त्या उद्योगातले टिकाऊ धन कृतींच्या यादीत नाही. चार वैद्यकपरंपरांना एका छताखाली आणण्याच्या आणि रुग्णागणिक नोंद ठेवण्याच्या शिस्तीत ते आहे. कंपनी सरकारने राज्यकारभार काढून घेतल्यावर ज्याच्या हाती किल्ला आणि तनखा एवढेच उरले, त्या राजाला कागद-लेखणीचे हे महत्त्व कळले होते. ज्यांच्या हाती आज प्रयोगशाळा आणि संगणक आहेत, त्या उद्योगाने ते कळत नसल्याचा बहाणा करू नये.

बूस्टरच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पूर्वीच्या क्रीमच्या डब्यांवर ‘जादूई सूत्र’ असायचे. आज निदान घटकाचे नाव आणि टक्केवारी छापली जाते. ग्राहक वाचू लागला, प्रश्न विचारू लागला, हे स्वागतार्ह आहे. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी देणे आणि दिशाभूल करणारे दावे टाळणे बंधनकारक आहे. पण अर्धी पारदर्शकता ही पूर्ण अज्ञानाहून अधिक विश्वास कमावते, आणि म्हणून तिची जबाबदारीही अधिक असते. टक्केवारी छापायची, पण मिसळल्यानंतरची टक्केवारी सांगायची नाही, ही पारदर्शकता अर्धीच.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मिसळून वापरायच्या प्रत्येक उत्पादनावर त्याचा सामू छापावा. मात्रा थेंबांत न देता मिलिलिटरमध्ये द्यावी आणि ड्रॉपरवर खुणा असाव्यात. किती क्रीममध्ये किती द्रव घातल्यावर अंतिम तीव्रता किती होते, याचा तक्ता द्यावा. कोणत्या घटकांसोबत मिसळू नये, हे ठळक लिहावे. ‘वैयक्तिक’ हा शब्द वापरायचा असेल, तर आपल्या ग्राहकांच्या परिणामांची नोंद कशी ठेवली जाते, हे उद्योगाने जाहीर करावे. ते जमत नसेल, तर तो शब्द सोडावा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मात्र नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. एका वेळी एकच नवे उत्पादन, आधी कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस चाचणी, मग चेहऱ्याच्या एकाच बाजूला वापर, दर आठवड्याला त्याच जागी त्याच प्रकाशात एक छायाचित्र, आणि वहीत तारीख, मात्रा व परिणाम. बाह्यत्वचेचे नूतनीकरण व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्याआधी निष्कर्ष काढू नये. जळजळ वाढली तर वापर थांबवून वहीसह त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. बहुतेकांना महिन्याभरात कळून येईल की सौम्य क्लीन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यानेच त्यांचे भागते.

वैयक्तिक उपचाराची सुरुवात त्या वहीच्या पहिल्या ओळीत होते. ती ओळ कोरी असेल, तर बाटली कितीही महाग असो, तो निव्वळ अंदाज आहे. आणि अंदाजाला विज्ञानाचे नाव देण्याची मुभा कुणालाच नाही.