गिझर घ्यायचाय? आधी वही-पेन्सिल घ्या!

मुलांनो, थंडी पडायला लागली की घरोघरी अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न निघतो. कुणाकडे चुलीवर हंडा चढतो, कुणाकडे अजून तांब्याचा बंब पेटतो, आणि बऱ्याच घरांत आई-बाबांची चर्चा चालू असते : गिझर गॅसचा घ्यायचा की विजेचा? मोठ्यांच्या बोलण्यात आपलं काय काम, असं म्हणून खेळायला पळू नका हं. यात तुम्हाला येणारं गणित आहे आणि थोडं विज्ञानही. आई-बाबांनाही शेजारी बसवा.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. आपली मोठी बादली २० लिटरची. हिवाळ्यात नळाचं पाणी १७ अंश धरू आणि अंघोळीला ४२ अंश हवं असं म्हणू. म्हणजे २५ अंशांनी तापवायचं. २० गुणिले २५, झाल्या ५०० किलोकॅलरी.

विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका बादलीला साधारण ०.६ युनिट. आता गॅस. एक किलो गॅस जळला की सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात, पण काही उष्णता धुराबरोबर निघून जाते. पाण्यात ८० टक्के उतरते असं धरा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. करा गुणाकार! उत्तर येतं जवळजवळ सव्वा लाख किलोकॅलरी, म्हणजे २५० बादल्या. तेवढं पाणी विजेवर तापवायला साधारण १४५ युनिटं लागतील.

हा १४५ आकडा वहीत मोठ्ठा लिहा. सिलिंडरच्या किमतीला त्याने भागायचं. समजा, सिलिंडर ८७० रुपयांना पडला, तर भागाकार ६. तुमच्या घरी विजेचं युनिट सहा रुपयांहून महाग असेल, तर गॅस स्वस्त, नाहीतर वीज. पण बिलातला कोणता दर धरायचा? इथे मोठीसुद्धा फसतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. गिझरची युनिटं दिवे, पंखे, फ्रीज यांच्या युनिटांवर जाऊन बसतात, म्हणून त्यांना वरच्या पायरीचा दर लावायचा. बहुतेक घरांत गॅस जिंकतो तो इथेच. शिवाय चंद्रपूरसारख्या केंद्रात कोळसा जाळून वीज होते, तेव्हा कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. गॅस मात्र थेट आपल्या पाण्याखालीच जळतो.

गॅसच्या गिझरला ताबडतोब पाणी येतं, वीज गेली तरी बहुतेक साध्या गिझरांचं काही अडत नाही, कारण ते सेलवर पेटतात. फक्त नळाला जोर हवा. गच्चीवरची टाकी डोक्याच्या जरा वर असेल, तर तो पेटतच नाही.

मग घ्यावा ना गॅसचा? थांबा. खरा प्रश्न पुढेच आहे.

गॅस जळायला हवा लागते. किती? आपल्या एका बादलीसाठी सुमारे ७०० लिटर! चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात मावते साधारण ५,४०० लिटर हवा. थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद, आणि आत गिझर चालू. चार बादल्या पाणी काढलं की निम्म्या हवेतला ऑक्सिजन खलास. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि दाराची कडी काढायला हात उचलत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यांत मुलंही असतात.

हे वर्गात सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "पण बाई, गॅसचा वास येईल की!" चांगली शंका आहे. सिलिंडरमध्ये मुद्दाम घातलेला तो उग्र वास गळणाऱ्या गॅसला येतो. जळलेल्या गॅसला येत नाही.

जुना बंब आठवा. तो बहुधा परसात किंवा पडवीत पेटायचा आणि धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. गिझरचा धूर सांगून येत नाही. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. पाइपचा गॅस असला तरी हेच. आत लावून वर छोटा झरोका ठेवला, एवढ्यावर मी तरी विसंबणार नाही. घराला मोकळी गॅलरी किंवा परस नसेल, तर विजेचाच घ्या. मग १४५ चा भागाकार काहीही सांगो.

आत कुणी फार वेळ लावला आणि हाकेला ओ आली नाही, तर ओरडून मोठ्यांना बोलवा. दार उघडायचं, गॅस बंद करायचा, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा.

विजेचा गिझर घेतलात, तर त्यावरचे तारे मोजा. तारे जास्त म्हणजे टाकीतली उष्णता कमी वाया. १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग हवं. पाणी तापलं की बटण बंद, मगच अंघोळ. बादलीत टाकायचा रॉड मात्र तुम्ही मुलांनी लावायचाच नाही. मोठ्यांनीसुद्धा बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात बोट घालून पाहायचं.