फोर बाय फोर : गरज किती, भ्रम किती?

डिसेंबर २०२४मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात बर्फवृष्टीमुळे सुमारे एक हजार वाहने अडकली. शेकडो पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढले. बर्फ पडला की प्रशासन या मार्गावर बहुधा फोर बाय फोर वाहनांनाच पुढे सोडते. त्यामुळे अशी गाडी असली की निर्धास्त, हा समज मुंबई-पुण्याहून स्वतःच्या मोटारीने हिमाचल गाठणाऱ्यांमध्ये रुजला आहे. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा जिवावर बेतू शकतो.

इंजिनाची शक्ती दोनऐवजी चारही चाकांना मिळाली, की गाडी जागची हलणे आणि चढ चढणे सोपे होते, हे निर्विवाद. परंतु ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना कामी येते ती टायरची रस्त्यावरील पकड, आणि ती फोर बाय फोरमुळे वाढत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर तिला ६० मीटरही पुरत नाहीत. शिवाय चढ विनासायास पार झाल्याने रस्ता किती निसरडा आहे, याची जाणीव चालकाला होते ती उतारावरच.

म्हणूनच हिवाळ्याशी जुना परिचय असलेल्या देशांनी सक्ती केली ती टायरांची. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २००८पासून हिवाळी टायर बंधनकारक आहेत. जर्मनीनेही २०१०मध्ये बर्फाळ रस्त्यांसाठी तसा नियम केला. सामान्य टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते, हिवाळी टायरचे लवचिक राहते. आपल्याकडील मोटारींना असे टायर क्वचितच असतात.

ग्रामीण रस्त्यांचेही तेच. मागच्या चाकांवर चालणारी एसटी वर्षानुवर्षे खेडोपाडी पोहोचत आहे. खडबडीत वाटेवर बहुधा गरज असते ती गाडीचा तळ जमिनीपासून पुरेसा उंच असण्याची. मात्र शेतातला चिखल, नदीचे पात्र किंवा बर्फ न हटवलेला खडा चढ ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे, त्याच्यासाठी फोर बाय फोर ही चैन नव्हे.

वर्षातून एकदा बर्फ पाहायला जाणाऱ्याने त्यासाठी लाखभर रुपये जादा मोजण्याऐवजी चांगले टायर, चाकांच्या साखळ्या आणि स्थानिक चालक यांवर भिस्त ठेवावी. प्रशासनानेही नाक्यावर गाडीचा प्रकार पाहताना टायरांची झीज तपासावी. बर्फात अडकलेली गाडी नंतर काढता येते, दरीत गेलेली नाही.