दहा रुपयांचं तिकीट

‘मिरजेहून कुर्डुवाडीला पॅसेंजरने? तुला दुसरं काही काम नाही का?’ पुण्यातल्या मित्राचा हा प्रश्न. खरंच काम नव्हतं. अब्बांना त्यांच्या लहानपणीचा ‘बार्शी लाइट’चा रस्ता एकदा बघायचा होता. जानेवारीतला रविवार होता. फजरची नमाज झाली आणि मफलर गुंडाळून आम्ही बापलेक स्टेशनवर आलो.

आरग, बेळंकी, सलगरे. खिडकीतून बोचरा वारा येत होता, बाहेर द्राक्षांचे मांडव. अब्बा सांगत होते, तेव्हा गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं वेचायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. (ही गोष्ट प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगितली जाते, मी मान डोलावली.) पण त्या छोट्या गाडीमागचा विचार छोटा नव्हता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली अडीच फुटी रुळांवर बार्शीची गाडी सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हे त्याचं गणित. रूळ हलके, खर्च कमी, म्हणून मोठ्या रेल्वेला न परवडणाऱ्या मुलखात गाडी पोचली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. कंपनी नफ्यासाठीच आली होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. 1954 ला ती सरकारने घेतली. पण दुष्काळी भागाला परवडेल अशी गाडी कशी करायची, हा प्रश्न तिने विचारला होता. आज तो कोण विचारतं?

आता रूळ रुंद झाले, डोक्यावर विजेची तार आली. आणि माणसांचं काय झालं? 2020 च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्याच डब्यांना, त्याच थांब्यांना ‘एक्सप्रेस स्पेशल’ म्हणू लागले आणि दहा रुपयांचं किमान भाडं तीस झालं. ते पूर्ववत व्हायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चार वर्षं! ढालगावनंतर समोर बसलेल्या मावशी बोरांची पाटी घेऊन सांगोल्याच्या बाजारला निघाल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘त्या वर्सांत मी गाडीकडं फिरकलेच न्हाई, दादा. पाटीत बोरं कितीची आन् तिकीट कितीचं!’’ अब्बांनी त्यांच्याकडून पावशेर बोरं घेतली. मावशींनी मूठभर जास्त घातली आणि अब्बांना म्हणाल्या, ‘‘चाचा, आंबट लागली तर शिव्या देऊ नगा.’’

ज्येष्ठांची सवलतही त्याच मार्चमध्ये काढली, ती अजून परत आलेली नाही. रेल्वे तोट्यात आहे, हे उत्तर तयारच असतं. प्रवासी गाड्यांचा तोटा मालगाड्यांतून भरून काढणं काही आजचं नाही. आणि एसटी काय नफ्यात लोळत होती? तिने 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट आणि 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटात नेलंच ना? मग रेल्वेला म्हातारी माणसं जड का व्हावीत?

वंदे भारतला माझा विरोध नाही. 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत याच कुर्डुवाडीला थांबते, चांगलं आहे. माझं भांडण प्रतिष्ठेच्या उतरंडीशी आहे. ती सुरू होताना हिरवा झेंडा पंतप्रधानांनी दाखवला. पॅसेंजर एकेरी मार्गावर बाजूला उभी राहते, समोरून दुसरी गाडी निघून जाते, आणि आत बसलेल्यांना कुणी कारणही सांगत नाही. आपल्या वस्तीतले शिलाईवाले, बेकरीतली पोरं, दर्ग्याला आणि वारीला जाणारे, सगळे याच डब्यात असतात. इथे आडनाव विचारून जागा देत नाहीत, सरकून देतात. मित्रा, वेळ कुणाचा जातो, ते या डब्यात बसून विचार.

परतताना गाडी बरीच उशिरा आली. अंधारात मिरज आलं तेव्हा अब्बांना अब्दुल करीम खाँसाहेब आठवले. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना त्यांना गाडीतच बरं वाटेनासं झालं, ते वाटेतल्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच गेले. कबर मात्र मिरजेत, ख्वाजा शमना मीराँच्या दर्ग्यात. ‘‘तिथं गाडी थांबत होती म्हणून उतरता तरी आलं,’’ अब्बा म्हणाले आणि उरलेली बोरं खिशात घालून जिना चढू लागले.