आनंदाची हजेरी

हल्ली कचेऱ्यांना आमच्या आत्म्याची फार काळजी वाटू लागली आहे. गेल्या महिन्यात आम्हांला एका रविवारी ‘आनंद-शिबिरा’ला बोलावले. फुगे फोडवून घेतले, डोळे मिटून श्वास मोजायला लावले. आणि दाराशी हजेरीही घेतली!

शिबिराच्या गुरुजींनी सावता माळ्याचा दाखला दिला: कामातच देव पाहा. कबूल. पण सावतोबांच्या भक्तीची हजेरी कुणी मुकादम मांडत नव्हता.

मला आठवतात ते नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. लोखंड्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले आणि १८९० साली रविवार पदरात पाडून घेतला. मालकांकडे त्यांनी आनंद मागितला नाही, वेळ मागितला. पुढे गिरणगावातल्या भजनी मंडळांत टाळ घुमले, ते कामगारांच्याच हातांनी.

कामात हसू नये, खेळू नये, असे मी म्हणत नाही. पण हुकमाने हसणे ही आणखी एक वेठच. साहेब, आमचा रविवार तेवढा परत करा. देव आणि विटीदांडू आमचे आम्ही शोधून काढू.