ते ख्रिस्ती नाहीत म्हणे!

मॉर्मन लोकांविषयी आपल्या ख्रिस्ती मंडळीत जे बोलले जाते त्यातले निम्मे ऐकीव असते आणि उरलेले कुठल्यातरी पुस्तिकेतून उचललेले, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. नात्यातल्या एका मुलीचे लग्न युटातल्या मॉर्मन मुलाशी ठरल्यापासून तर विचारूच नका. ज्यांनी जन्मात मॉर्मन माणूस पाहिलेला नाही तेही "ते लोक ख्रिस्ती नव्हेतच" असा निकाल देऊन मोकळे! दोघातिघांनी तर लग्नाला येणार नाही असे कळवलेसुद्धा. त्यांची नावे लिहीत नाही. पण ते हा ब्लॉग वाचतात, आणि त्यांनी वाचावे म्हणूनच लिहिते आहे.

आधीच सांगून टाकते, मी मॉर्मन नाही, होणारही नाही. जोसेफ स्मिथला देवदूताने सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरच्या मजकुराचे त्याने भाषांतर केले आणि १८३० मध्ये 'मॉर्मनचे पुस्तक' छापले, हे मला पटत नाही. पण एखादी गोष्ट न पटणे वेगळे आणि ती खोडायला लंगडा युक्तिवाद वापरणे वेगळे. (त्या लोकांना 'मॉर्मन' हे नाव आता आवडत नाही. २०१८ साली त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी मंडळीचे पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला. पण 'येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी' हे दरवेळी टंकायला माझी बोटे तयार नाहीत. क्षमा असावी.)

सगळ्यांचा आवडता आक्षेप म्हणजे, ख्रिस्त आल्यावर संदेष्टे संपले, मग यांचा संदेष्टा आला कुठून? लगेच इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय पुढे केला जातो. देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे. बरे. मग प्रेषितांच्या कृत्यांत अगब कोण आहे? क्लौद्याच्या काळात मोठा दुष्काळ पडेल असे त्याने आधी सांगितले, तेव्हा ख्रिस्त स्वर्गात जाऊन काही वर्षे झाली होती. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असत, हेही त्याच पुस्तकात आहे. आणि इफिसकरांस पत्रात मंडळीला दिलेल्या माणसांत प्रेषितांपाठोपाठ संदेष्टे मोजले आहेत. संदेष्टे संपले असे ज्याला म्हणायचे त्याने खुशाल म्हणावे, पण ते अमुक दिवशी संपले असे बायबलमध्ये दाखवून द्यावे.

"या पुस्तकात भर घालू नका" हे प्रकटीकरणातले वचन तर हमखास येते. तसलीच आज्ञा अनुवादाच्या चौथ्या अध्यायातही आहे. ती याच अर्थाने घ्यायची तर अनुवादानंतरचे सगळे बायबल मिटून ठेवावे लागेल. हा मुद्दा मी एका पाळकांसमोर मांडला. ते हसले आणि विषय बदलला.

मग येते खोट्या भविष्याची कसोटी. १८३२ मध्ये स्मिथने सांगितले की मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी याच पिढीत मंदिर उभे राहील. ते राहिले नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी मॉर्मनांना त्या जिल्ह्यातून हाकलून लावले. १८४१ मध्ये स्मिथने नवे प्रकटीकरण सांगितले, की शत्रूंनी अडवले तर देव ते काम पुन्हा मागत नाही. मला ही पळवाट वाटते का? हो, थोडी वाटते. पण योनाने नीनवेच्या रस्त्यावर ओरडून सांगितले होते की चाळीस दिवसांत हे नगर पालथे होईल. ते झाले नाही. तिथे आपण लोकांच्या पश्चात्तापाचे कारण देतो आणि योनाला संदेष्ट्यांच्या यादीतून काढत नाही. पश्चात्ताप आणि शत्रूचा अडथळा यांत फरक आहे, मान्य. पण मग वाद त्या फरकावर घाला. 'भविष्य चुकले, माणूस खोटा' एवढ्या एका ओळीवर नको.

संदेष्टा चुकतो तो संदेष्टा कसला, असे विचारणाऱ्यांनी नाथानाची गोष्ट पुन्हा वाचावी. दाविदाने मंदिर बांधायचे म्हटले, नाथान म्हणाला खुशाल बांध, देव तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला उलट निरोप देऊन परत पाठवले. पेत्र तर अंत्युखियात असा वागला की पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. ब्रिगम यंगने १८५२ मध्ये आदामालाच देव ठरवणारे प्रवचन दिले आणि १९७६ मध्ये स्पेन्सर किम्बल यांनी ती शिकवण नाकारली, हे खरे आहे. पण 'आमचे संदेष्टे कधी चुकत नाहीत' असा त्यांचा दावाच नाही. संदेष्टा त्या नात्याने बोलतो तेव्हाच संदेष्टा, असे खुद्द स्मिथने १८४३ मध्ये म्हटल्याची नोंद आहे.

आता ख्रिस्त. २००७ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची धामधूम चालू असताना माइक हकाबी यांनी विचारले की मॉर्मन लोक येशू आणि सैतान यांना भाऊ मानतात ना? पुढे त्यांनी मिट रॉम्नी यांची माफी मागितली, पण वाक्य जगभर फिरायचे ते फिरलेच. मॉर्मन शिकवणीत सगळे आत्मे देवाची लेकरे, येशू त्यांतला ज्येष्ठ, आणि लूसिफर बंड करून पडलेला. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात देवपुत्र परमेश्वरासमोर उभे राहतात आणि त्यांच्यात सैतानही येतो. तो कसा आला यावर आपल्याकडे किती प्रवचने झाली?

खरा मतभेद त्रैक्याचा आहे, आणि तो मोठा आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा उद्देशाने एक, पण तीन वेगळ्या व्यक्ती, आणि पित्यालाही देह आहे असे ते मानतात. मी मानत नाही. निकेयाचा विश्वासांगिकार ते म्हणत नाहीत आणि मी लहानपणापासून म्हणत आले आहे. पण ती परिषद ३२५ साली भरली. पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे असे सांगायला तिथे जो ग्रीक शब्द निवडला तो बायबलमध्ये नाही. निकेया हीच ख्रिस्ती असण्याची अट असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे ठरवले, तेही याच त्रैक्याच्या कारणाने. ती भूमिका मला समजते. 'ते ख्रिस्तालाच मानत नाहीत' हे मात्र धडधडीत खोटे आहे. तो कुमारीपासून जन्मला, आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे ते मानतात. दर रविवारी भाकरी घेतात, द्राक्षारसाऐवजी पाणी घेतात, तेही त्याच्या स्मरणार्थ.

आणि हे बोलणारे आपण कोण? नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांची गीते आपण गातो. टिळकांना दार उघडे ठेवायचे होते आणि आपण लग्नपत्रिका परत पाठवतो आहोत.

टीका करायचीच असेल तर कठीण जागा आहेत. स्मिथच्या हयातीत, १८३६ मध्ये, एलायजा एबल या काळ्या माणसाला याजकपद मिळाले होते. मग १८५२ पासून १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना ते का नाकारले? एवढी वर्षे एकाही संदेष्ट्याला चूक का कळली नाही? आणि १८३५ मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसवरून स्मिथने 'अब्राहामाचे पुस्तक' दिले. त्याचे तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून बाहेर आले, तर ते अंत्यविधीचे मंत्र निघाले. पुस्तकाशी त्यांचा मेळ बसत नाही हे २०१४ मध्ये त्यांच्या मंडळीनेही मान्य केले. माझे मन स्मिथवर बसत नाही ते इथे. हे प्रश्न मी त्या मुलाला पत्राने विचारले आहेत. पपायरसबद्दल त्याचे उत्तर मला अपुरे वाटले, याजकपदाबद्दल त्याने सरळ लिहिले की याची आम्हाला लाज वाटते. न येणाऱ्यांपैकी एकानेही त्याला काही विचारलेले नाही.