शेततळ्यात उडी मारायची नाही

दर उन्हाळ्यात, आणि पुन्हा गणपती विसर्जनाच्या दिवसांत, एक बातमी वाचायला मिळते: सख्खी भावंडं, नाहीतर तिघं-चौघं मित्र, एकाच पाण्यात बुडाले. बातमी पुढे वाचली की अनेकदा कळतं, आधी एकाचाच पाय घसरला होता. त्याला काढायला दुसरा उतरला आणि त्या दोघांसाठी तिसरा. ही मुलं धीट होती, मायाळू होती. आपल्या माणसासाठी धावायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. कसं धावायचं, ते कुणी करून दाखवलं नव्हतं.

करून दाखवू शकणारी माणसं मात्र गावोगाव आहेत. प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र, निवृत्त परिचारिका, अग्निशमन दलातले जवान, वायरमन, सर्पमित्र, एनएसएसची पोरं, नदीकाठचे पट्टीचे पोहणारे. तुम्हा सगळ्यांना माझी विनंती आहे: जवळच्या शाळेत जा आणि मुलांना एक तास द्या. एका तासात एकच गोष्ट शिकवा, पण ती प्रत्येक मुलाच्या हातून करून घ्या.

शेततळ्याचंच घ्या. गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांनी ती मोठ्या संख्येने खोदली, आणि पाणी मुरू नये म्हणून अनेकांत प्लास्टिकचा कागद अंथरला. ओल्या कागदावर पाय टिकत नाही, पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. हे मुलांना सांगायला हवंच, पण सांगून थांबू नका. शाळेच्या मैदानावर फक्कीची रेघ मारा: हा काठ, पलीकडे पाणी. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनला कासरा बांधा. कॅन नीट फेकला जावा म्हणून आत थोडं पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा. एका मुलाला पलीकडे बसवा. कॅन त्याच्या अंगावर टाकायचा नाही, त्याच्या बाजूने थोडा पुढे टाकायचा आणि कासरा त्याच्या हाताशी येईल असा ओढून घ्यायचा. दोरी नसेल तर काठावर पालथं पडून काठी किंवा ओढणी पुढे करायची, आणि मागच्या मुलांनी पाय धरायचे. त्याच वेळी एकाने मोठ्या माणसांना हाका मारत पळायचं. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. पहिल्या दोन-तीन फेकी चुकतात. चुकू द्या, पण पाळी सगळ्यांची येऊ द्या. मुलींची तर आलीच पाहिजे, कारण विहिरीवर आणि नदीवर धुण्याला त्याच जातात.

घरी जाताना मुलांना एक काम द्या: आपल्या शेततळ्याला गाठी मारलेला दोर कायमचा बांधलेला आहे का, ते वडिलांना विचारायचं. मुलाने विचारलेला प्रश्न घरात सहज टाळता येत नाही.

विषय गावाच्या धोक्यातून निवडा. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराचं पाणी, सह्याद्रीच्या उतारावर दरड, मराठवाडा-विदर्भात वीज. गडगडाट ऐकू आला की खेळ सोडून पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसत नाही, हे ठासून सांगा. त्या भीतीपायी मदत अडते.

साप तर सगळीकडेच. मण्यार रात्री झोपेत चावते, कधी कधी दातांची खूणही दिसत नाही. मुलाने पहाटे पोट दुखतंय म्हटलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर घरातल्या दुसऱ्या मुलाला तरी शंका यायला हवी. हात-पाय आवळून बांधायचा नाही, चिरा द्यायचा नाही, देवळात किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेल्या माणसाला चालायला न लावता सरकारी दवाखान्यात न्यायचं.

फोनचा सरावही असाच घ्या, खरा नंबर न लावता. ११२ किंवा १०८ वर पलीकडून विचारतात, कुठून बोलताय? घाबरलेलं मूल सांगतं, 'आमच्या घरून'. गाव, तालुका, जवळची ठळक खूण, काय झालं, हे सांगायचं, आणि पलीकडचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तुम्ही पलीकडचे व्हा आणि एकेकाला बोलतं करा.

सरावाने काय होतं, ते जपानमधल्या कामाइशी शहरात दिसलं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या एका माध्यमिक शाळेतली मुलं उंच जागेकडे धावली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली, मोठ्यांनी लहानग्यांचे हात धरले. पहिली जागा धोक्याची वाटली म्हणून ती आणखी वर गेली. मागून त्सुनामी आली. त्या शहरातली जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली. त्यांनी अनेक वर्षं हा सराव केला होता.

मुलांना घाबरवू नका. मृतदेहांचे फोटो, अपघातांचे व्हिडिओ दाखवू नका. वर्गात असंही मूल असेल, ज्याच्या घरात हे घडून गेलंय. शिक्षकांना आधी विचारून घ्या, आणि त्याला पुढे येण्याचा आग्रह करू नका.

शाळेत शिरायचं तर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा, तुमचं ओळखपत्र दाखवा, आणि वर्गात शिक्षक हजर राहतील असं ठरवून घ्या. शनिवारची सकाळ सोयीची पडते. महिन्याभराने पुन्हा जा, काही न सांगता कॅन आणि कासरा एखाद्या मुलीच्या हातात द्या आणि ती काय करते ते बघा. जमलं नाही, तर तोच तास पुन्हा घ्या.