अठराव्या वाढदिवसाची शिक्षा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील बालगृहातून ३० जून २०२५ रोजी नऊ मुली पळाल्या, तेव्हा कुठे राज्याला आपली बालगृहे आठवली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, विधिमंडळात आवाज उठला, चौकशी लागली, संस्थेची मान्यता गेली. झाले ते योग्यच झाले. पण या गदारोळात खरा प्रश्न मागेच राहिला. या मुलींनी भिंत ओलांडली नसती, निमूटपणे तिथेच दिवस काढले असते, तरी वयाची १८ वर्षे पूर्ण होताच त्यांना बाहेरच पडावे लागले असते. त्या दिवशी ना न्यायालय धावून आले असते, ना विधिमंडळ. दाराबाहेर उभी राहिलेली अठरा वर्षांची मुलगी या राज्यात बातमी ठरत नाही.

जालना तिथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि इथली परिस्थिती वेगळी असण्याचे काही कारण नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात. कर्त्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर मोडून पडलेली घरे याच पट्ट्यात आहेत. अशा घरांतले मूल बाल कल्याण समितीपुढे येते, समितीच्या आदेशाने बालगृहात राहते आणि १८ पूर्ण झाली की तो आदेश संपतो. बारावीची परीक्षा तोंडावर असो की आयटीआयचे एक वर्ष उरलेले असो, आदेश संपला म्हणजे संपला. मग मुलगा एमआयडीसीतल्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली सळया ओढायला लागतो. मुलीसाठी ओळखीत एखादे स्थळ निघते आणि फारसे न विचारता तिचे लग्न उरकले जाते. दोघांचीही नोंद ‘पुनर्वसन’ या रकान्यात करणे सरकारी कागदाला सहज जमते. माणसाला त्याची लाज वाटली पाहिजे.

अठराव्या वाढदिवशी मेंदू मोठा होत नाही, हे आता कुणाचे मत राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूच्या एमआरआय चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. मेंदूची घडण किशोरवयात थांबत नाही, उलट त्या वयात तिची मोठी फेररचना होते. पुढे अनेकांनी तेच दाखवले. भावनांचा, ओढीचा, जोखमीच्या आकर्षणाचा जोर आधी वाढतो. कपाळामागचा जो भाग परिणामांचा विचार करतो, उद्याचे नियोजन करतो, रागाला आवर घालतो, तो पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. वापरात राहणारे मज्जातंतूंचे जोड टिकतात, न वापरलेले गळतात. म्हणजे १८ ते २५ हे वय बिघडण्याचे आहे तसेच सावरण्याचेही आहे. आणि ज्याचे बालपण मार, भूक आणि स्थलांतरात गेले, त्याला सावरायला इतरांपेक्षा जास्त वेळ आणि जवळचे माणूस लागते. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतील मुलांवर २००० पासून झालेल्या अभ्यासाने हेच सिद्ध केले. संस्थेतून कुटुंबात गेलेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि जितक्या लवकर माणसे मिळाली तितकी जास्त सावरली. आपण मात्र ज्याला सर्वात जास्त आधार हवा, त्याचाच आधार सर्वात आधी काढून घेतो.

सरकारला हे कळत नाही असे कुणी सांगू नये. सरकारला सगळे कळते. मुलाने २१ वर्षांपर्यंत लग्न करू नये, असा कायदा आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. आमदारकीला उभे राहायलाही २५ पूर्ण असावी लागतात. एवढेच कशाला, कोरोनाने आईवडील नेलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये पीएम केअर्समधून योजना आणली, तेव्हा १८ ते २३ या वयात दरमहा रक्कम आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये अशी तिची रचना केली. अठराव्या वर्षी पोरके मूल स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही, हे त्या योजनेने लेखी मान्य केले आहे. मग ज्याचा बाप कर्जापायी गेला, जिची आई बाळंतपणात गेली, जे मूल स्टेशनवर सापडले, त्यांचा मेंदू काय पाच वर्षे आधी पिकतो?

कायद्यात तरतूद नाही असेही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी २१ वर्षांपर्यंत पश्चात देखभाल सांगितली. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ती २३ पर्यंत नेली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४ हजार रुपये आहेत. पण कायदा ही मदत हक्क म्हणून देत नाही, देण्याची मुभा देतो. मुभेवर चालणारी मदत तिच्यासाठी भांडणाऱ्याला मिळते, आणि या मुलांसाठी भांडायला कुणी नसते, म्हणूनच तर ती बालगृहात आलेली असतात. खोली, मेस, परीक्षेची फी आणि एसटीचा पास यांपुढे चार हजार किती पुरतात, हे शहरात मुलाला शिकायला ठेवणाऱ्या कोणत्याही बापाला विचारावे.

शिक्षेची वेळ आली की मात्र हेच राज्य उलट बोलते. निर्घृण गुन्ह्यात १६ वर्षांच्या मुलालाही प्रौढ म्हणून उभे करता यावे, यासाठी त्याच २०१५ च्या कायद्यात कलम १५ आहे. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये भरधाव पोर्शने दोन जीव घेतले. मोटार चालवणारा १७ वर्षे ८ महिन्यांचा होता. त्याच्यामागे पहिल्या तासापासून घर, पैसा, वकील आणि आजोबांची हमी उभी राहिली आणि निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन झाला. त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा, कुठलाही गुन्हा न केलेला बालगृहातला मुलगा त्याच राज्यात एकटा रस्त्यावर येतो. ही तुलना पटत नसेल तर ती पुन्हा वाचावी.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला अनाथ दिव्यांगांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे एकच मागणी करत आहेत: १८ वर्षांवरील अनाथ दिव्यांगांना संस्थेतून काढू नका, तसा कायदा करा. सरकारने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली, कायदा दिला नाही. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांनी १८ व्या वर्षी दार लावले नाही, म्हणून हे घडले. अनाथांना २०१८ मध्ये मिळालेले एक टक्का आरक्षणही मोलाचे आहे, पण नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोहोचायला तीन-चार वर्षे डोक्यावर छप्पर लागते. ते छप्परच आपण काढतो.

पैसा कुठून आणायचा, हा नेहमीचा सवाल येईलच. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून राज्यांना अशा मुलांचे पालकत्व २१ पर्यंत वाढवण्यासाठी निधी दिला. इंग्लंडमध्ये मार्गदर्शक सल्लागाराची मदत २५ पर्यंत मिळते. आपल्याला तेवढे जमणार नाही असे गृहीत धरले, तरी एका जिल्ह्यात दरवर्षी १८ पूर्ण करणारी अशी मुले किती असणार? महामार्गाच्या एका पुलावरच्या खर्चात त्यांची पिढी शिकेल.

जालन्याच्या पालकमंत्री पंकजा मुंडे यांना हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. एक टक्का आरक्षणाचा निर्णय झाला, तेव्हा महिला व बालविकास खाते त्यांच्याकडेच होते. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांनाही बालसंरक्षण यंत्रणेवर देखरेखीचा अधिकार मिळाला आहे. तेव्हा मागच्या पाच वर्षांत जिल्ह्यातील बालगृहांतून १८ पूर्ण करून गेलेल्या प्रत्येक मुलामुलीची यादी आधी तयार करावी. आज ते कुठे आहेत, काय करतात, दरमहाचे चार हजार त्यांना मिळाले का आणि नसल्यास कुणी अडवले, हे त्यात नावानिशी असावे. नावे गोपनीय ठेवा, पण आकडे जाहीर करा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून जालना शहरात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी पश्चात देखभालीची दोन अनुरक्षण गृहे सुरू करा, आणि शिक्षण संपेपर्यंत तिथून कुणालाही काढायचे नाही, असा लेखी आदेश काढा. १५ ऑगस्टला ध्वजवंदनासाठी मंत्री येतील, त्याआधी ही यादी त्यांच्या टेबलावर असली पाहिजे.